समोर येऊन सांग

मिस्त्री कामाला हात घालण्याआधी स्क्रूड्रायव्हर तोंडात धरायचे. लाकडी मूठ दातांत, लोखंडी टोक इंजिनच्या पंपावर आणि डोळे मिटलेले. त्या वेळी तुम्ही मागे उभे राहून कितीही बोला, माणूस ढिम्म. मिनिटभराने डोळे उघडायचे, मूठ शर्टाला पुसायचे आणि म्हणायचे, "हां. आता समोर ये. समोर येऊन सांग, काय होतंय."

टेमघरला त्यांची पत्र्याची शेड होती. तिथे ज्याने ज्याने गाडी नेली त्याने हे वाक्य ऐकलेलं आहे. बाजूने बोललेलं चालायचं नाही, मागून तर नाहीच. गोदामाचा मॅनेजर असो नाहीतर भाजीचा टेम्पोवाला, प्रत्येकाला बॉनेटला वळसा घालून त्यांच्या तोंडासमोर जावं लागे. आम्ही ड्रायव्हर लोक त्याला मिजास म्हणायचो. तुम्हीही असे मिस्त्री पाहिले असतील. हाताला गुण असला की थोडी मिजास आपण चालवून घेतो.

त्यांची टर उडवायला आम्हाला आणखीही कारणं होती. मोबाइल ते स्वतः उचलत नसत. तो काकींकडे, म्हणजे त्यांच्या बायकोकडे असायचा. घर शेडच्या मागेच होतं. काकी निरोप घेऊन यायच्या, समोर उभ्या राहून सांगायच्या, मग मिस्त्री मान हलवायचे. "घरच्या परवानगीशिवाय फोनसुद्धा नाही," म्हणून आम्ही हसायचो. दुसरं म्हणजे, वर्षानुवर्षं गाड्या दुरुस्त केलेला हा माणूस साधी मोटारसायकलही चालवत नव्हता. वाटेत कुणाची गाडी अडली, की हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन शेअर रिक्षातून यायचा. "आचारी उपाशी," असं कोणीतरी म्हणालं होतं आणि आम्ही पोट धरून हसलो होतो. आता ते आठवलं की माझं मलाच कसंतरी होतं.

गाडी बंद पडली म्हणून गेलात तर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "झटक्यात गेली, का धाप लागून गेली?" झटक्यात गेली असेल तर वायर, फ्यूज, करंटचं काहीतरी. धाप लागून, म्हणजे आधी ओढ कमी होत, आचके देत गेली असेल तर डिझेलच्या वाटेत कुठेतरी अडथळा. एवढ्या एका प्रश्नावर ते अर्धी गाडी बाजूला काढायचे आणि उरलेल्या अर्ध्या गाडीत हात घालायचे.

आता माझ्याबद्दल थोडं सांगतो. माझा स्वभाव मुळातच काळजीचा. घराला कुलूप लावून निघालो तरी दोनदा परत येऊन ओढून बघणार. आई म्हणायची, "याच्या पोटात कायम पाणी हालतं हाय." असा माणूस ड्रायव्हर झाला की काय होतं, ते ड्रायव्हरलाच विचारा. माझी जुनी डिझेल पिकअप. मी चालवताना गाणी लावत नसे, कारण इंजिनाचा आवाज बदलला तर कळणार कसं?

वडप्याच्या एका गोदामात मला रोजची फेरी मिळाली होती. औषधांची. सकाळी थर्माकोलच्या पेट्या भरायच्या, आत बर्फाच्या पिशव्या आणि त्यांच्यात लहान मुलांच्या लशी, साखरेच्या रोग्यांची इंजेक्शनं. वज्रेश्वरीच्या बाजूच्या दवाखान्यांना दुपारच्या आत पोहोचवायच्या. बर्फ वितळला की पेटीतलं औषध फेकण्याच्या लायकीचं. आधीची सहा वर्षं मी मिळेल तो माल मिळेल तेव्हा वाहिला होता. ही फेरी मिळाल्यावर पहिल्यांदा आमच्या घरात उद्याचा दिवस ठरलेला असायचा. ती गेली असती तर मी पुन्हा नाक्यावर उभा.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर मी मिस्त्रींकडे डिझेलचा फिल्टर बदलायला गेलो. त्यांची एक पद्धत होती. कुठलंही तोंड उघडलं, पाइप काढला, झाकण काढलं, की त्यावर लगेच प्लास्टिकचा तुकडा लावायचे. सुताचे कोन, म्हणजे मोठी रिळं, ज्या पातळ पिशव्यांतून येतात, त्यांचे चौकोन कापून त्यांनी डब्यात भरून ठेवले होते. आमच्याकडे हवेत सतत रुई उडत असते. कापड विणणाऱ्या लूमच्या खात्यांतून निघते आणि छपरावर, तारांवर, डाळीच्या डब्यावर, सगळीकडे बसते. "डिझेलला रुई चालत नाही," ते म्हणायचे. "एक पुंजका आत गेला की पंप कामातून गेला."

त्या दिवशी त्यांनी माझ्या टाकीचं झाकण उघडलं, काठी घालून तळाला गाळ आहे का पाहिलं. तोवर तोंडावर प्लास्टिक. काम झाल्यावर ते प्लास्टिक काढलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि झाकण लावलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. हे वाक्य ध्यानात ठेवा.

झाकण लावताना त्यांनी मला त्याचं रबर दाखवलं. एका बाजूने फाटलं होतं. "नवीन झाकण टाक," म्हणाले. मी हो म्हटलं. संध्याकाळी घरी आलो, गाडी उभी केली आणि ते फाटकं रबर काही डोळ्यांपुढून जाईना. तिथून रुई आत जाणार, पंप जाणार, फेरी जाणार. बायकोने शेजारच्या कारखान्यातून आणलेली एक तशीच पिशवी घरात होती. मी तिचा चौकोन कापला, दुहेरी केला, टाकीच्या तोंडावर चापूनचोपून बसवला आणि वरून झाकण घट्ट फिरवलं. मिस्त्रींचीच युक्ती, मनात म्हटलं. त्या दिवशी मला निवांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी गाडी बंद पडली.

नीट अर्धा तास चालली आणि मग तिची ओढ कमी झाली. मी पाय दाबतोय आणि गाडी ऐकत नाही. दोन आचके, आणि गप्प. सेल्फ मारला, इंजिन नुसतं फिरलं, पकडलं नाही. पेट्यांवर ताडपत्री होती तिच्यावर आणखी एक सतरंजी टाकली, बाटलीतलं पाणी शिंपडलं, पुन्हा सेल्फ मारला. काही नाही. अर्ध्या तासाने, मी आशा सोडून मारला तर गाडी चालू! जणू काही झालंच नव्हतं. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा तेच. पोहोचायला उशीर झाला, एका दवाखान्याने पेटी परत पाठवली.

गोदामाचा सुपरवायझर भला माणूस होता, पण त्याच्या डोक्यावरही कोणी होतं. "देख भाई, दवाई का मामला है," तो म्हणाला. "आणखी एकदा असं झालं तर गाडी गेटच्या आत घेता येणार नाही. मला वाईट वाटेल, पण घेता येणार नाही."

मी तसाच टेमघरला गेलो. वळसा घालून समोर उभा राहिलो, सगळं सांगितलं.

"झटक्यात गेली, का धाप लागून?"

"धाप लागून."

मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर दातांत धरला, इंजिन चालू ठेवून डोळे मिटले. मग मान हलवली. "आत्ता तिला काही होत नाही. दुखणं असताना दाखव. बंद पडली की कशाला हात लावू नकोस. मी अर्ध्या तासाच्या आत येतो, तोवर थांब. काकीला फोन कर."

पुढच्या दिवशी मी निघालो तेव्हा स्टेअरिंग घामाने ओलं झालं होतं. वडप्यापासूनचा प्रत्येक दगड मोजल्यासारखा मोजत होतो. वीस मिनिटं. पंचवीस. वज्रेश्वरीच्या रस्त्याला लागलो, दोन्ही बाजूंना कापणी झालेली भातशेतं, सावलीचं झाड नाही. ऊन असं की पत्र्याला हात लावला तर चटका. तिथे गाडीला धाप लागली.

मी काकींना फोन केला. मग सुपरवायझरला केला, कारण न करून भागणार नव्हतं. "दुसरी गाडी घेऊन येतो," तो म्हणाला आणि ठेवला. त्या ठेवण्यातच मला माझी फेरी संपलेली ऐकू आली. मी ताडपत्रीखाली हात घालून एक पेटी चाचपली. थंड होती. दोन मिनिटांनी पुन्हा चाचपली. पुन्हा पुन्हा चाचपून मीच तिचा थंडावा घालवतोय असं वाटून शेवटी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो.

मिस्त्री अर्ध्या तासाच्या आत आले. शेअर रिक्षावाल्याने त्यांना वाकडी वाट करून सोडलं होतं. पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "हात लावलास?"

"नाही."

"मार सेल्फ."

मी मारला. ते पंपावर स्क्रूड्रायव्हर टेकवून उभे होते. "पंपात डिझेल येत नाही," म्हणाले. मग फिल्टरच्या डोक्यावरचा हाताचा पंप दाबला. बटणासारखा असतो, दाबला की आपोआप वर यायला हवा. तो वर येईना. आतच चिकटून राहिला. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा काहीतरी उमटलं. "मागून कोणीतरी ओढून धरलंय," म्हणाले. रस्त्यावर आडवे झाले आणि डिझेलच्या नळीवर बोटं फिरवत फिरवत गाडीखालून मागे सरकायला लागले. कुठे चेमटलेली नाही, कुठे ओली नाही. जवळजवळ साठीचा माणूस, तापलेल्या डांबरावर पाठ टेकून.

एवढ्यात सुपरवायझर दुसरी पिकअप घेऊन आला. त्याने नुसतं घड्याळ पाहिलं.

मिस्त्री बाहेर आले, टाकीशी गेले आणि झाकण फिरवलं. ते सहज फिरेना. जोर लावला तेव्हा सुटलं आणि फुस्स करून असा आवाज झाला की सुपरवायझर एक पाऊल मागे सरला. मला तो आवाज अजून ऐकू येतो. मिस्त्री मात्र दचकले नाहीत. त्यांनी टाकीच्या तोंडावरच्या प्लास्टिकवर तळहात ठेवला. प्लास्टिक वाटीसारखं आत खेचलं गेलं होतं. बोटाने त्याची कड उचलली. तिकडे पुढे फिल्टरवरचा हातपंप आपोआप टक्कन वर आला.

"डिझेल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला लागते," मिस्त्री सुपरवायझरला समजावत म्हणाले. "या झाकणातून ती येते. प्लास्टिकने तोंड बंद झालं. टाकीचा श्वास कोंडला, मग पंपाने ओढायचं कुठून? उभी राहिली की हळूहळू हवा शिरते, म्हणून अर्ध्या तासाने चालू होते." मग माझ्याकडे वळले. "मार सेल्फ."

दोन-तीनदा पंप दाबल्यावर गाडी एका दमात चालू झाली. पेट्या थंड होत्या. वेळही होता. आनंदाने मी रडायच्या बेतात होतो.

तेव्हा सुपरवायझरने ते प्लास्टिक मिस्त्रींच्या हातातून घेतलं, माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, "ये किसने डाला?"

मला वाटतं, माणसाचं आयुष्य बदलायला तीन सेकंद पुरतात. त्या तीन सेकंदांत मी बायको पाहिली, नाका पाहिला, गोदामाचं गेट पाहिलं. आणि म्हणालो, "तीन दिवसांपूर्वी ह्यांनीच फिल्टर बदलला. टाकी ह्यांनीच उघडली होती. राहिलं असेल ह्यांच्याकडून."

मिस्त्री माझ्या तोंडाकडे बघत होते. माझं बोलून झालं तरी बघत राहिले. मग त्यांनी ते प्लास्टिक परत घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. तीच पिशवी, तसाच चौकोन. त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला. तिथे त्या दिवशीचा तुकडा नव्हता, कसा असेल, शर्ट धुतलेला होता.

"राहिलं असेल," ते म्हणाले. मग स्वतःशीच, "असं कसं राहिलं?"

ते मला खोटं पाडतील, शिव्या देतील, एवढीच मला भीती होती. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. आपल्या हातावरचा काढून माझ्या तोंडावर ठेवला.

माझी फेरी टिकली. सुपरवायझरने गोदामाच्या बाकी गाडीवाल्यांना टेमघरला जाऊ नका म्हणून सांगितलं. त्याचं नुकसान मिस्त्रींना झालंच, पण खरं नुकसान ते नव्हतं. ते मी महिनाभराने पाहिलं.

तेलपाण्याचं निमित्त काढून गेलो होतो. मिस्त्रींच्या डाव्या मनगटाला लाल सुताचे पाच-सहा धागे बांधलेले. एका टेम्पोचं काम चाललं होतं. त्यांनी एक झाकण उघडलं, त्यावर प्लास्टिक लावलं आणि कोनावरून धागा तोडून मनगटाला गाठ मारली. झाकण लावलं तेव्हा एक धागा कापला. जेवढी तोंडं उघडी तेवढे धागे. टेम्पोवाला मला डोळा मारून म्हणाला, "मिस्त्रींची राखी पौर्णिमा बारा महिने चालते." मी हसलो. हसलो, हे लिहायलाच हवं. काम संपलं, मनगट मोकळं झालं, तरी मिस्त्रींनी टेम्पो सोडला नाही. पुन्हा प्रत्येक झाकण उघडून पाहिलं. टेम्पोवाला कंटाळून म्हणाला, "झालं ना?" आणि मिस्त्री म्हणाले, "थांब. माझ्या हाताचा भरवसा नाही आता."

ज्या माणसाने कधी कामाची खात्री सुद्धा तोंडाने दिली नव्हती, कारण द्यावी लागत नव्हती, त्याचं हे वाक्य. मी घरी गेलो तो जेवलो नाही.

आठवडाभर मी मनात पाठ करत होतो. शेवटी एका सकाळी शेडवर गेलो. दुसरं कोणी नव्हतं. मिस्त्री माझ्याकडे पाठ करून एका बॉनेटमध्ये वाकले होते. इंजिन बंद होतं, सगळं शांत. मला ते बरंच वाटलं. तोंडाकडे न बघता बोलायचं म्हणजे सोपं. मी मागे उभा राहिलो आणि सगळं ओकून टाकलं. "मिस्त्री, ते प्लास्टिक मी टाकलं होतं. तुम्ही तुमचं काढलेलं मी पाहिलं होतं. फेरी जाईल म्हणून खोटं बोललो. तुमचा हात चुकला नाही." ते वाकलेलेच. हात थांबले नाहीत, पान्हा फिरतच होता. मी म्हटलं, काहीतरी बोला. शिव्या द्या. त्यांनी पान्हा खाली ठेवला.

मग कंबर धरून सरळ झाले, वळले आणि मला पाहून केवढ्याने दचकले! "अरे! तू कधी आलास?" आणि हसून म्हणाले, "असा मागे का उभा? समोर येऊन सांग ना, काय काम काढलंस?"

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. त्यात नाटक नव्हतं.

"तेल बघायचं होतं," मी म्हटलं.

परतताना काकींनी मला घराच्या बाजूला थांबवलं. हातात चहाचा कप होता. तो शेडवर न्यायला निघालेल्या आणि दारातच थबकलेल्या. "त्यांना ऐकायला येत न्हाय," त्या हळू म्हणाल्या. "आठ-दहा वर्षं झाली. आधी लूमवर होते ना, तिथंच कान गेले. एक डावा थोडा होता, तो बी गेला. खात्यात एवढा आवाज, तिथं बोलणं ऐकायचं नसतंय, बघायचं असतंय. ओठावरून कळतं त्यांना. कुणाला बोलू नको. मिस्त्री बहिरा हाय म्हटलं तर इंजनला हात कोण लावू देईल?"

माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. फोन, शेअर रिक्षा, इंजिनाची थरथर दातांत घेणारा तो स्क्रूड्रायव्हर. फुस्स झालं तेव्हाचं ते न दचकणं. आणि मिजास.

"मी ऐकलं तू बोललास ते," काकी म्हणाल्या.

माझी मान खाली गेली. "मग तुम्ही सांगा ना त्यांना, काकी."

"मी न्हाय सांगणार. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, बायको समजूत घालतेय." चहा निवत चालला होता, तरी त्या थांबल्या. "तूच सांग. पण पाठीला नको सांगू."

तुम्हाला वाटेल, मग मी लगेच परत फिरलो असेन. पन्नास पावलंही नव्हती. पण पाठीमागून बोलायला मी आठवडा घेतला होता. समोरून बोलायचं म्हणजे ते माझ्या ओठांकडे बघणार, त्या दिवशी रस्त्यावर बघितलं होतं तसंच. त्याच ओठांनी खोटं आणि त्याच ओठांनी खरं. त्यानंतर मी चार वेळा तरी शेडवर गेलो. समोर उभा राहिलो. एकदा तर "मिस्त्री, त्या दिवशी—" इथपर्यंत आलो. ते एकाग्र होऊन बघायला लागले आणि माझ्या तोंडाला कुलूप. "त्या दिवशीचं तेल चांगलं होतं," म्हणालो. ते म्हणाले, "तेच टाकू मग."

मनगटावरचे धागे वाढले होते. गाड्या कमी झाल्या होत्या.

होळीच्या आधी त्यांच्या छातीत दुखलं. दोन दिवस दवाखान्यात होते. मला कळलं तेव्हा मी फेरीवर होतो. गाडी झकास चालली होती, झाकण नवीन होतं. वळवून येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम टेमघरच्या विहाराच्या अंगणात झाला. मंडप, खुर्च्या, पुढे टेबलावर हार घातलेला त्यांचा फोटो, मेणबत्त्या. फोटोच्या पायाशी कोणीतरी तो स्क्रूड्रायव्हर ठेवला होता, मुठीवर दातांच्या खुणा. आत शिरताना काकी भेटल्या. माझं धाडस नव्हतं, तरी विचारलं, "काकी, तुम्ही सांगितलंत का त्यांना कधी?"

"न्हाय," त्या म्हणाल्या. "तुझी वाट बघत होते."

त्रिशरण, पंचशील झालं. मग एकेकजण उठून दोन शब्द बोलू लागला. फोटोला फूल वाहायचं, माइकपाशी जायचं, लोकांकडे तोंड करायचं, अशी रीत. गोदामाचा सुपरवायझरही आला होता, चौथ्या रांगेत. सगळे चांगलं बोलत होते. एक टेम्पोवाला म्हणाला, "शेवटी शेवटी थोडा विसर पडायचा त्यांना, पण माणूस सोन्यासारखा." लोकांनी माना हलवल्या. काकींनी हलवली नाही.

मी उठलो. पाय कसे नेले ते माहीत नाही. फूल वाहिलं, माइक दांडीवरून काढून हातात घेतला आणि तिथेच, फोटोपुढे, लोकांकडे पाठ करून उभा राहिलो. फोटो ओळखपत्रावरचा मोठा केलेला होता. ते सरळ माझ्या तोंडाकडे बघत होते.

कार्यक्रम चालवणारे गृहस्थ पुढे झुकून म्हणाले, "भाऊ, इकडे वळा. लोकांकडे तोंड करून बोला."

पहिल्या रांगेतून काकींचा आवाज आला. "राहू द्या. त्यांना तसंच लागतं."

मी घाई केली नाही. त्यांना समजावं म्हणून काकी बोलायच्या तसा, एकेक शब्द सुटा करून, ओठ पुरते उघडून बोललो.

"मिस्त्री, प्लास्टिक मी टाकलं होतं. तुमच्या हातून काही राहिलं नव्हतं."